जुनी सेव्हन सीटर घेताय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरात आजवर चार जुन्या गाड्या आल्या, त्यातल्या तीन सात सीटच्या. मामांच्या साताऱ्यात टुरिस्टच्या गाड्या होत्या, त्यामुळे लहानपणीच्या मे महिन्याच्या सुट्ट्या अर्ध्या गॅरेजात गेल्या. आता नात्यात कुणी जुनी गाडी बघायला निघालं की मला सोबत नेतात. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

घरात आम्ही सहा जण. सात सीटर खरंच लागते का?

वर्षातले किती दिवस सहाच्या सहा जण एकत्र गाडीत बसता ते बोटांवर मोजा. गौरी-गणपतीला गावी, दिवाळीत एकदा, एखादं लग्न, एक देवदर्शन एवढंच असेल तर हॅचबॅक ठेवा आणि त्या दिवसांपुरती गाडी ड्रायव्हरसकट भाड्याने घ्या. स्वस्त पडेल. पण आई-बाबा तुमच्याकडेच राहत असतील, दर पंधरवड्याला दवाखाना असेल, दोन मुलं आणि त्यांची दप्तरं असतील, तर मात्र घ्या. पाच सीटच्या गाडीत सहावं माणूस मांडीवर बसवून नेण्याचे दिवस गेले.

जुनी स्विफ्ट घेणं आणि जुनी सात सीटर घेणं यात एवढा फरक काय?

फरक गाडीच्या आधीच्या आयुष्याचा. जुनी हॅचबॅक बहुतेक वेळा कुणाच्या तरी घरातलीच असते. सात सीटच्या गाडीचं तसं नसतं. आपल्याकडे ती पैसे कमावणारी गाडी आहे. आयटी कंपनीची पिकअप-ड्रॉप, विमानतळ, शिर्डी-शनी शिंगणापूर, अष्टविनायक, लग्नाची वऱ्हाडं, कोल्हापूर-सांगलीकडे वडाप, म्हणजे सीट भरून चालणारी खासगी वाहतूक. काही गाड्या पिवळ्या पाटीवर चालतात, आणि काही पांढऱ्या पाटीवर गुपचूप भाडी मारतात. या दुसऱ्या प्रकाराला जास्त जपायचं, कारण आरसीवर त्याची कुठेच नोंद नसते.

म्हणून सात सीटर बघायला जाताना मी एकच गोष्ट गृहीत धरून जातो: ही गाडी भाड्याने चाललेली आहे. नाही हे सिद्ध व्हायला हवं. इंजिन, गिअर, टायर हे सगळं त्यानंतर.

भाड्याने चाललेली गाडी ओळखायची कशी?

सुरुवात कागदापासून. एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, कितवा मालक, इंधन, विम्याची मुदत, बँकेचा बोजा दिसतो. तिथे वाहनाचा वर्ग नीट वाचा. टुरिस्टची गाडी परमिट परत करून, फरकाचा टॅक्स भरून खासगी करता येते आणि ते कायदेशीर आहे. पण मग मूळ नोंदणी आणि आताचा वर्ग यांत फरक कसा, हे मालकाला सरळ विचारायचं. विचारल्यावर उत्तर यायला किती वेळ लागतो, तेही बघायचं.

मग गाडी. टुरिस्ट गाड्यांना ताशी ८० किलोमीटरचा स्पीड गव्हर्नर, म्हणजे त्यापुढे वेग जाऊ न देणारं उपकरण, लागतो. तो काढून टाकला तरी वायरिंगला मारलेला चिकटपट्टीचा जोड बॉनेटखाली किंवा डॅशखाली सापडतो. टपावर कॅरिअर होतं का? बोटांनी चाचपा. कॅरिअरच्या पायांखालचा रंग दबलेला असतो, कधी रबराचा काळा डाग राहतो. बंपरच्या कोपऱ्यांवर रिफ्लेक्टर पट्टी काढल्याची चौकोनी खूण दिसते. ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा आणि मागचा डावा दरवाजा, दोन्ही उघडून हलवून बघा. घरच्या गाडीत सगळे दरवाजे साधारण सारखे झिजतात. भाड्याच्या गाडीत डावा मागचा दरवाजा दिवसातून चाळीस वेळा उघडतो, त्याची बिजागरी बोलते.

ब्रेक आणि क्लचच्या पेडलवरचं रबर बघा. मीटरवर ६० हजार आणि रबर आरशासारखं गुळगुळीत, असं नसतं. रबर अगदी नवंकोरं असेल तर आणखी वाईट, कारण सुखासुखी कुणी ते बदलत नाही.

आता एक प्रसंग. २०१३ ची इनोव्हा, मीटर ७८ हजार, मालक म्हणे घरचीच गाडी, सासऱ्यांची, फक्त रविवारी निघायची. सीट कव्हर नवीन, आतून छान सेंटचा वास. मी मधली सीट पुढे सरकवली आणि रुळांमध्ये मोबाइलचा टॉर्च मारला. सुपारीचे तुकडे, एक रुपयाची दोन नाणी, केसांची पिन, आणि घडी घातलेल्या कागदांचा एक बोळा. उलगडला तर पार्किंगच्या पावत्या. अकरा. सगळ्या शिर्डीच्या, सगळ्या एकाच महिन्यातल्या. सासरे भाविक असतील, पण इतके?

हल्ली याहून सोपा मार्ग आहे. फास्टॅग २०२१ च्या फेब्रुवारीपासून सक्तीचा झाला. मालकाला म्हणा, तुमच्या मोबाइलवर फास्टॅगचं स्टेटमेंट दाखवा, शेवटचं वर्षभराचं. रविवारी निघणारी गाडी खालापूरचा टोल महिन्यातून बावीस वेळा भरत नाही. दुसरं म्हणजे ई-चलान. वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक अ‍ॅपवर गाडीच्या नावावरचे दंड दिसतात, आणि कॅमेऱ्याने पकडलेल्या चलानासोबत फोटोही असतो. एका गाडीच्या चलानाच्या फोटोत टपावर ताडपत्री बांधलेलं सामान होतं. मालकाने आम्हाला सांगितलेलं, कॅरिअर कधी लावलंच नाही.

मग टुरिस्टची गाडी घ्यायचीच नाही?

मामांचं म्हणणं वेगळं होतं. ते म्हणायचे, "गाडी पळलीया म्हनून भ्यायचं न्हाई, लपवल्यालं हाय म्हनून भ्यायचं." हायवेवर एकाच ड्रायव्हरने चालवलेली, वेळच्या वेळी ऑइल बदललेली दोन लाख किलोमीटरची इनोव्हा ही शहरात रोज चार किलोमीटर रखडत चाललेल्या गाडीपेक्षा इंजिनने बरी निघू शकते. उघडपणे टुरिस्टची म्हणून, त्या भावात मिळत असेल आणि सर्व्हिसच्या नोंदी असतील, तर बघायला हरकत नाही. फक्त सस्पेन्शन, क्लच, सीट आणि एसी यांचा खर्च धरूनच भाव बोला. टुरिस्टची गाडी घरच्या भावात घेऊ नका, एवढंच.

मीटर मागे फिरवलाय हे कसं कळणार?

नुसत्या नजरेने कळत नाही. डिजिटल मीटर अर्ध्या तासात फिरवून मिळतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरवरून जुन्या नोंदी निघतात आणि प्रत्येक नोंदीसोबत त्या दिवशीचे किलोमीटर असतात. मालकाला सोबत घेऊन जा, कारण परक्या माणसाला ते सहसा देत नाहीत. नोंदी अचानक २०१९ ला थांबल्या असतील तर पुढची सगळी वर्षं गाडी बाहेरच्या गॅरेजात गेली असं धरा आणि त्या गॅरेजवाल्याचा नंबर मागा. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. मीटरवर ३५ हजार आणि टायरचा दुसरा सेट, हे गणित जुळत नाही.

कोणतं मॉडेल घ्यावं? सरळ सांगा.

सरळ सांगतो, पण हे माझं मत आहे.

जुनी इनोव्हा २००५ मध्ये क्वालिसच्या जागी आली. अडीच लिटरचं डिझेल, लॅडर फ्रेम (ट्रकसारखी खाली वेगळी चौकट), मागच्या चाकांना ताकद. तालुक्याच्या गावातला मिस्त्रीही ती डोळे मिटून खोलतो. याच गुणामुळे ती सगळ्यात जास्त पिळलेली गाडीही आहे. हिच्या इंजिनात टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा) असतो, तो ठराविक किलोमीटरनंतर बदलावाच लागतो, डॅशवर त्याचा वेगळा दिवा असतो. बेल्ट कधी बदलला याचं बिल नसेल तर बदलायचा आहे असंच धरा. चालू गाडीत बेल्ट तुटला तर इंजिनच खोलावं लागतं.

इनोव्हा क्रिस्टा २०१६ ला आली. २.४ डिझेल मॅन्युअल, सुरुवातीच्या वर्षांत २.८ डिझेल ऑटोमॅटिक आणि २.७ पेट्रोलही. डिझेलला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. पैसे असतील आणि घरात वयस्कर माणसं असतील तर माझी पहिली पसंती २.४ मॅन्युअल, दुसऱ्यापेक्षा जास्त मालक नसलेली. अडचण एकच, तिचा भाव उतरतच नाही. आठ वर्षांच्या क्रिस्टाच्या पैशात नवी एर्टिगा येते, आणि हा हिशेब घरी बायको मांडतेच.

एर्टिगा २०१२ ची. दुसरी पिढी २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आली, आणि घ्यायचीच तर तीच घ्या. पहिल्या एर्टिगात सातही सीट लावल्या तर डिकीत १३५ लिटर उरतात, दुसरीत २०९. म्हणजे एक मध्यम बॅग आणि दोन पिशव्या. ही शहरात कारसारखी चालते, पार्किंगला सोपी, सुटे भाग कुठेही मिळतात. मारुती हीच गाडी टूर एम नावाने टुरिस्टवाल्यांसाठीही विकते, आरसीवर व्हेरिएंट तपासा. एक्सएल ६ ही तिचीच सहा सीटची बहीण, मधल्या रांगेत दोन वेगळ्या खुर्च्या. मधून मागे जायला वाट मिळते, हे आजी-आजोबांसाठी फार कामाचं. आणि सहा सीटची गाडी भाड्याला कमी चालते, हा वरचा फायदा.

महिंद्रा मराझो ही मला लोकांनी न ओळखलेली गाडी वाटते. नाशिकच्या कारखान्यात बनायची, २०१८ ला आली, दीड लिटर डिझेल, छताच्या मधोमध एसीचा लांब पट्टा, त्यामुळे मागच्यांना गरम होत नाही. विकली कमी गेली, म्हणून जुन्या बाजारात तिचा भाव पडतो. नव्याने घेणाऱ्याचं त्यात नुकसान झालं, आपलं नाही. कंपनी चालू आहे, पण या मॉडेलचे काचा, दिवे, ट्रिमसारखे भाग किती दिवसांत मिळतात ते तुमच्या गावच्या सर्व्हिस सेंटरला आधी विचारा. परत विकताना तुम्हालाही तोच पडलेला भाव मिळेल. दहा वर्षं वापरणार असाल तर बिनधास्त.

रेनॉ ट्रायबर चार मीटरच्या आतली, तिसऱ्या रांगेच्या सीट चक्क काढून घरी ठेवता येतात. कल्पना झकास. पण एक लिटरचं तीन सिलिंडरचं ७२ पीएसचं इंजिन आहे. सात जण, एसी आणि कुंभार्ली घाट हे तिन्ही एकत्र आले की दुसऱ्या गिअरमध्ये घामाघूम होते. सातही सीट लावल्यावर डिकी ८४ लिटर, म्हणजे डबा आणि पाण्याची बाटली. शहरात, लहान मुलांच्या घराला मात्र छान.

किया कॅरेन्स २०२२ ची, म्हणजे जुन्या बाजारात आलेल्या बऱ्याचशा गाड्या तशा तरुणच. तिसरी रांग मोठ्या माणसाला बसण्याजोगी. कार्निव्हल २०२० ची पाहिली तर मोह होतो, पण ती ५.१ मीटर लांब आहे आणि तिच्या एकेका बिलात माझी मारुती वर्षभर चालते.

टवेरा, एन्जॉय, मोबिलिओ, लॉजी फार स्वस्त मिळतायत. घेऊ का?

टवेरा आणि एन्जॉय शेवरलेच्या, आणि शेवरलेने २०१७ च्या शेवटी भारतात गाड्या विकणं बंद केलं. टवेरा गावाकडे अजून चालतात, कारण मिस्त्रींनी त्या जिवंत ठेवल्यात. तुमच्या गावात तसा मिस्त्री असेल तर तुमची मर्जी. एन्जॉय नको. होंडा मोबिलिओ बंद झाली तरी होंडा इथेच आहे आणि डिझेल इंजिन सिटीमधलंच, त्यामुळे इंजिनची काळजी कमी, बॉडीच्या भागांची जास्त. लॉजीचं १.५ डिझेल इंजिन चांगलंच, डस्टरमध्येही तेच, पण त्यालाही टायमिंग बेल्ट आहे. दॅटसन गो प्लसच्या तिसऱ्या रांगेत मी एकदा बसलोय. पुन्हा बसणार नाही.

डिझेल, पेट्रोल की सीएनजी?

महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या खाली असाल तर पेट्रोल. बीएस-६ (धुराचे २०२० पासूनचे कडक नियम) डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेवर एका वेगात पळावी लागते. कोथरूड ते डेक्कन एवढंच जाणाऱ्या डिझेल गाडीचा तो फिल्टर तुंबतो आणि दिवा लागतो. एर्टिगाचं डिझेल २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर बंदच झालं.

सीएनजी घरखर्चाला परवडतं, पण तिसऱ्या रांगेमागची जागा सिलिंडर खातो. गावी जाताना सामान टपावर. कंपनीची सीएनजी आहे की बाहेरून बसवलेली ते आरसीवरच्या इंधनावरून कळतं. आरसीवर नुसतं पेट्रोल आणि डिकीत सिलिंडर असेल तर तिथूनच परत फिरा, अपघात झाला तर विमा कंपनी हेच कारण पुढे करेल. सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखालची तपासणी) करावी लागते, तिचं प्रमाणपत्र मागा.

तिसऱ्या रांगेत मोठी माणसं बसू शकतात का?

जाहिरातीतल्या सगळ्यांत बसतात. म्हणून ज्यांना रोज तिथे बसायचंय त्यांनाच गाडी बघायला न्या. आमची आई नऊवारी नेसते. शोरूममध्ये मधली सीट दुमडून ती मागे चढली, बसली, आणि म्हणाली, "चढले खरी, आता उतरणार कशी?" उतरायला चार मिनिटं लागली आणि ती गाडी तिथेच बाद झाली. पायरी किती उंच, धरायला दांडी आहे का, गुडघे छातीला लागतात का, मागच्या माणसाला स्वतः मधली सीट दुमडून बाहेर येता येतं का, हे सगळं प्रत्यक्ष करून बघा. दुपारी दोन वाजता, एसी लावून, मागच्या सीटवर वीस मिनिटं. हिवाळ्याच्या सकाळी सगळ्याच गाड्यांचा एसी छान असतो.

एअरबॅग आणि सुरक्षेचं काय बघायचं?

वर्ष बघा. आधीच्या मॉडेलच्या गाड्यांनाही एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) एप्रिल २०१९ पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या सीटची त्यानंतर. म्हणजे २०१९ च्या आधीची गाडी असेल तर खालच्या व्हेरिएंटमध्ये या गोष्टी नसण्याची शक्यता मोठी. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागतच नसेल तर दिव्याची वायर कापली आहे असा संशय घ्या.

ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या गाडी ठोकून घेतलेल्या चाचणीत मराझोला २०१८ मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले, एर्टिगाला २०१९ मध्ये तीन, ट्रायबरला २०२१ मध्ये चार, कॅरेन्सला २०२२ मध्ये तीन. हे तारे कारखान्यातून निघालेल्या गाडीचे. एकदा जोरात ठोकून पत्रा वेल्ड केलेल्या गाडीला ते लागू नाहीत.

बोलेरो, जुनी स्कॉर्पिओ यांनाही सात सीट असतात. त्या का नाही सांगितल्या?

मागे समोरासमोर, बाजूला तोंड करून बसायच्या बाकड्यांमुळे. तिथे मुलांना बसवून हायवेला निघायला माझं मन होत नाही. आठवड्याच्या बाजाराला ठीक.

आमच्या सोसायटीचं पार्किंग लहान आहे.

टेप घेऊन मोजा, अंदाज नको. ट्रायबर ३.९९ मीटर, एर्टिगा ४.३९, कॅरेन्स ४.५४, जुनी इनोव्हा आणि मराझो ४.५८ च्या आसपास, क्रिस्टा ४.७३. खांब आणि शेजाऱ्याची स्कूटर धरून.

पुरात बुडालेली गाडी कशी ओळखायची?

२६ जुलै २००५ ची मुंबई, ऑगस्ट २०१९ चं कोल्हापूर-सांगली, जुलै २०२१ चं चिपळूण. प्रत्येक वेळी शेकडो गाड्या पाण्यात गेल्या. विमा कंपनी अशी गाडी पूर्ण नुकसान म्हणून लिलावात काढते, ती कुणीतरी घेतो, धुतो, सुकवतो आणि लांबच्या जिल्ह्यात विकतो.

सगळ्या सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढा, तिसऱ्या रांगेचेही. धुणारा माणूस बेल्टचं वरचं टोक धुतो, आतल्या गुंडाळीत राहिलेल्या मातीची रेष त्याला आठवत नाही. स्टेपनीच्या आसपासच्या खाचा, सीटखालचे बोल्ट, फ्यूज बॉक्सची मागची बाजू, पुढच्या दिव्यांच्या आत जमलेलं बाष्प बघा. गालिच्याचा एक कोपरा उचलून नाक खाली न्या. ओल्या पोत्यासारखा वास फार वर्षं जात नाही. फार सुगंधी गाडीत मी काचा बंद करून पाच मिनिटं बसतो.

कोकणातली, गोव्यातली गाडी पुरात गेलेली नसली तरी खारी हवा पत्रा खाते. दरवाज्यांची खालची कड, चाकांच्या वरची कमान आणि चॅसी खालून बघाच.

ठोकलेली असेल तर?

छोटी ठोकर चालते, सगळ्यांच्याच गाडीला असते. बॉनेट, दरवाजे यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का बघा. दरवाज्याचं रबर उपसून आतला पत्रा बघा, कंपनीचे स्पॉट वेल्डचे गोल ठिपके एका अंतराने असतात, गॅरेजातले नाहीत. सात सीटरला मागून बसलेला मार जास्त गंभीर, कारण तिसरी रांग तिथेच आहे. डिकीची चटई काढून खालचा पत्रा सपाट आहे ना, हात फिरवून बघा.

टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यायची?

सकाळी, गाडी रात्रभर बंद असताना. मालकाला आधीच सांगा, सुरू करून ठेवू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा, कोमट असेल तर पुढच्या दिवशी या. पहिल्या स्टार्टला मागे उभं राहून धूर बघायचा. निळा सतत येत असेल तर ऑइल जळतंय. काळा जोरात रेस दिल्यावर थोडा, जुन्या डिझेलला ठीक.

मग घरचे सगळे बसवा. एकटा माणूस बसून सोसायटीला चक्कर मारली तर काहीच कळत नाही. पुण्यात असाल तर कात्रज किंवा दिवे घाट, साताऱ्याकडे खंबाटकी. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये एसी चालू ठेवून क्लच घसरतोय का, म्हणजे इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, हे बघायचं. तापमानाचा काटा मधेच राहिला पाहिजे. उतरताना ब्रेकला स्टिअरिंग थरथरतं का? खराब रस्त्यावर मागे बसलेल्याला विचारा, कुठून खडखड येते. पुढे बसलेल्याला ती ऐकू येत नाही.

मिस्त्रीला दाखवावं का?

हो, स्वतःच्या मिस्त्रीला, आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. फुकट बघणारा मिस्त्री पुढच्या कामाकडे डोळा ठेवून बघतो. गाडी लिफ्टवर चढवायची, स्कॅनर लावायचा. मालक लिफ्टला नाही म्हणाला तर विषय संपला.

डीलरकडून की थेट मालकाकडून?

मालकाकडून घेताना तुम्हाला माणूस दिसतो, त्याचं घर, त्याचं पार्किंग दिसतं. डीलरकडे वॉरंटी आणि कागदाची सोय असते, पैसे जास्त. वॉरंटीत काय नाही ते आधी वाचा. क्लच, सस्पेन्शन, एसी बहुधा नसतंच. एका मोठ्या डीलरने आम्हाला "दोनशे मुद्द्यांची तपासणी" केलेली गाडी दिली, तिचा जॅक गायब होता आणि मागचा वायपर नुसताच शोभेचा. आणि जीएसटी: जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी डीलरच्या नफ्याच्या रकमेवर लागतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. दोन व्यक्तींच्या आपसातल्या व्यवहाराला तो लागतच नाही.

दिल्ली पासिंगची क्रिस्टा दोन-तीन लाखांनी स्वस्त मिळतेय.

दिल्लीत १० वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिथले मालक आधीच गाड्या काढतात, हे खरं. पण महाराष्ट्रात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी तिथली एनओसी आणि इथला टॅक्स. वाचलेल्या पैशातला बराचसा तिथे जातो, उरलेला एजंट आणि आरटीओच्या फेऱ्यांत. शिवाय ती गाडी कुणी, कशी चालवली हे विचारायला तुम्ही दिल्लीला जाणार का?

कागद कोणते?

मूळ आरसी, फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलण्याचे), विमा, पीयूसी. कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा). परराज्यातली असेल तर फॉर्म २८ (तिथल्या आरटीओच्या एनओसीचा). एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का ते बघा. चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा, फोटोवरून नको. मालक वारला असेल तर वारसांची कागदपत्रं लागतात, तिथे घाई करू नका.

गाडी नावावर करायला तुम्हाला कायद्याने ३० दिवस आहेत. विकणाऱ्यालाही हे पटवून द्या. आरटीओत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. फास्टॅग विकणाऱ्याने बंद करायचा, तुम्ही नवीन घ्यायचा.

चालू विमा आपोआप माझ्या नावावर होतो का?

थर्ड पार्टी होतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग १४ दिवसांत नावावर करून घ्यावा लागतो, नाहीतर क्लेम अडकतो. नो क्लेम बोनस मात्र विकणाऱ्याचाच, त्यामुळे फरकाचे पैसे भरावे लागतील. ही रक्कम भाव ठरवताना कुणाच्याच लक्षात नसते.

भाव कसा बोलायचा?

त्याच वर्षाच्या, त्याच व्हेरिएंटच्या निदान सहा जाहिराती बघा, सगळ्यात वरची आणि खालची सोडून द्या. मग मिस्त्रीने सांगितलेल्या कामांची यादी कागदावर लिहून मालकासमोर ठेवा. "शेवटचं सांगा" म्हणण्यापेक्षा तो कागद जास्त काम करतो. टोकन दिलंत तर साध्या कागदावर गाडीचा नंबर, रक्कम आणि "लिफ्ट तपासणीत मोठा दोष निघाल्यास परत" एवढं लिहून सही घ्या.

घेतल्यावर आधी काय करू?

गाडीच्या किमतीच्या साधारण दहा टक्के बाजूला ठेवलेले असतात, ते आता बाहेर काढा. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, सगळे फिल्टर. बेल्टवाली असेल तर बेल्ट. आधीच्या मालकाने "कालच केलंय" म्हटलं तरी.

आणि घरासमोर, सपाट जागेवर, एकदा स्टेपनी काढून बघा. इनोव्हा, एर्टिगाची स्टेपनी गाडीच्या खाली मागे लटकलेली असते, आतून दांडा घालून साखळीने खाली सोडायची. आम्ही हे केलं नव्हतं. आंबा घाटात टायर बसला, पाऊस, सगळे खाली उतरलेले, आणि वर्षानुवर्षं न हललेली ती साखळी गंजून बसलेली. शेवटी मागून आलेल्या भाजीच्या टेम्पोवाल्याने खाली झोपून हातोडीने ठोकून ती सोडवली. तोवर आई छत्री घेऊन त्याच्या पायांवर धरून उभी होती.